धबधब्यांचीं छायाचित्रें आणि पावसाचा इतिहास

१८५४ हें साल ठाणें-कल्याणच्या इतिहासांत दोन कारणांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं १ मे रोजीं आगगाडी ठाण्याहून पुढें कल्याणपर्यंत धांवूं लागली, आणि त्याच वर्षीं मुंबईंत छायाचित्रकारांची ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक होत. पुढें १८६३ त बोरघाटांतून व १८६५ त थळघाटांतून गाडी वर चढली. सह्याद्रीचे कडे असे जवळ आले असतां, त्यांवरून कोसळणारें पाणी चित्रांत उतरविण्यास अडचण ती कोणती?

अडचण होती ती पावसाचीच. त्या काळीं ओल्या काचेची पद्धत चालत असे. ती १८५१ त इंग्लंडांत आर्चर यानें प्रसिद्ध केली होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि ओली आहे तोंच चित्र घेऊन अंधाऱ्या तंबूंत धुवावयाची. हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. आषाढांतल्या झडींत घाटाच्या तोंडाशीं हें करूं म्हणणें धाडसाचेंच. शिवाय ढगाळ उजेडांत काच अधिक वेळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्या अवधींत कातळ स्थिर राही, पाणी राहत नसे. कड्यावरून कापूस पिंजून सोडावा तशी एक पांढरी छटा तेवढी उमटे. १८७१ त मॅडॉक्स यानें कोरड्या काचेची युक्ति सुचविली, १८८८ त कोडॅकचा हातांत मावणारा कॅमेरा आला, आणि मग हळूहळू पाण्याची धार धारेसारखी दिसूं लागली.

तथापि यंत्र सुधारलें म्हणजे सत्य हातीं आलें, असें नव्हे. आमच्या जिल्ह्यांतील धबधबे बहुतेक बारमाही नाहींत. काळ्या अग्निजन्य कातळाच्या उभ्या उतारांवर पाणी फारसें मुरत नाहीं. सर आली कीं ओढा फुगतो, उघडीप पडली कीं ओसरतो. बदलापुराजवळचें कोंडेश्वर घ्या, कीं माळशेजचा घाट घ्या. मृगांत ओली रेघ, आषाढांत गढूळ लोंढा, भाद्रपदांत स्वच्छ धार, आणि पौषांत कोरडा खडक. यांपैकीं कोणतें चित्र खरें? आमच्या मतें, चारही मिळून एक खरें.

एकाच चित्राचा प्रभाव किती असतो, हें कसाऱ्याजवळच्या विहीगांवीं दिसतें. २००१ सालच्या ‘अशोका’ या हिंदी चित्रपटापासून तेथील धबधब्यास लोक ‘अशोका’ म्हणूं लागले. नांव बदललें तर फारसें बिघडत नाहीं. परंतु शांत डोहाचें चित्र पाहून भर श्रावणांत त्यांत उतरणें जिवावर बेततें. यांतील बहुतेक पाणी अखेर उल्हास नदीस मिळतें. आणि ती काय करूं शकते, हें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणी दरम्यान पुरांत अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसच्या हजारावर प्रवाशांनीं अनुभविलें.

२६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसांत सांताक्रूझच्या पर्जन्यमापकानें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरांची नोंद केली. पण येऊरच्या वा मलंगगडाच्या उतारांवरून पाणी कोणत्या वाटेनें उतरलें, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. तें सांगण्याचें सामर्थ्य छायाचित्रांत आहे. मात्र त्यावर स्थळ व तारीख हवी. आज ठाण्या-डोंबिवलींतल्या घरोघरीं अशीं चित्रें शेंकड्यांनीं पडून आहेत; बहुतेकांत माणसें आहेत, तिथि नाहीं. डोंगर खणले जात आहेत, वस्ती चढत आहे, ओढ्यांच्या वाटा वळत आहेत. एका कुटुंबानें एकच जागा निवडून, सुरक्षित अंतरावरून, दरसाल ऋतुवार पांच चित्रें घेतलीं व प्रत्येकावर तारीख घातली, तर पन्नास वर्षांनीं या प्रांताच्या पावसाचा इतिहास लिहिणाऱ्यास त्याहून मोलाचें साधन क्वचितच मिळेल.