करवंद, करौंदा आणि ‘कारांदास’ : एका रानफळाचा नामप्रवास

तौलनिक अभ्यासात शब्दसाम्य आरंभबिंदू म्हणून उपयुक्त ठरते. मात्र साम्य म्हणजे ऐक्य नव्हे, हे एका साध्या रानफळाच्या इतिहासातूनही स्पष्ट होते. यमुनेच्या खादरालगतच्या मयूर विहारात पावसाळ्यात भाजीवाल्यांकडे ‘करौंदा’ येतो. पांढरट-गुलाबी, टपोरे आणि अतिशय आंबट असे हे फळ पुरते पिकण्यापूर्वीच तोडतात. हिरव्या मिरचीबरोबर परततात वा त्याचे लोणचे घालतात. सह्याद्रीतील करवंद याहून निराळे. ते चैत्र-वैशाखात काटेरी जाळ्यांत पिकते; काळेभोर, गोड आणि चिकाने ओठ चिकटवणारे. ‘डोंगरची काळी मैना’ ही त्याची आरोळी. दोन्ही नावांचे नाते संस्कृत ‘करमर्द’ या शब्दाशी आहे. परंतु ऋतू, रंग, चव आणि स्वयंपाकातील स्थान या चारही बाबतींत ती भिन्न आहेत. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर सह्याद्रीतील करवंदाला ‘कॅरिसा कंजेस्टा’ अशी स्वतंत्र जात मानले.

या नावाने सागरही ओलांडला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातील एका संवादात वेलदोड्याबरोबर ‘कारांदास’ या फळाची चर्चा येते. पुढे १७६७ साली लिनिअसने ‘कॅरिसा कॅरंडास’ असे नामकरण केले, आणि देशी शब्द शास्त्रीय लॅटिनमध्ये स्थिरावला. इंग्रजीने मात्र ‘बेंगॉल करंट’ म्हणून त्याला आपल्या ओळखीच्या फळाच्या पंक्तीस बसविले. परक्या वस्तूचे नाव स्वीकारणे आणि परक्या वस्तूला आपले नाव देणे, अशा भाषांतराच्या दोन प्रवृत्ती येथे एकाच फळाबाबत आढळतात.

मयूर विहारालगतच्या पटपडगंज परिसरात ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या फौजेचा लेककडून पराभव झाला. लढाईचा दिनांक इतिहासाने जपला. दक्षिणेतून उत्तरेत आलेल्यांच्या जिभेवरील स्थित्यंतराची नोंद मात्र अशा इतिहासात शोधून सापडत नाही. ती घरगुती बोलीत शोधावी लागते. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलाला ‘करवंद’ म्हणताच लोणच्याची फोड आठवली, तर त्यात चूक कोणाचीच नाही. पण कोकणातील बालपणाचे वर्णन वाचताना त्याच्या मनातील उन्हाळा हरवलेला असतो. हिंदी अनुवादक ‘करौंदा’ लिहितो तेव्हा तो कोशाशी प्रामाणिक राहतो, अनुभवाशी नव्हे. तळटीप हा त्यावरचा अपुरा परंतु आवश्यक उपाय होय.

कोकणात आंबा-काजूच्या लागवडीसाठी करवंदीच्या जाळ्या तोडल्या जात असल्याने हा प्रश्न केवळ अनुवादाचा उरत नाही. फळ दुर्मीळ झाले तरी शब्द टिकेल. मात्र त्याला बाजारातील आंबट फळाचाच अर्थ चिकटण्याचा संभव आहे. शब्दाचा इतिहास लिहिताना म्हणूनच त्याच्या चवीचाही इतिहास लिहिणे अगत्याचे ठरते.