ऑस्करचे एक वर्ष आणि तळहातावरचा पडदा

२७ फेब्रुवारी २००५ रोजी हॉलिवूडच्या कोडॅक थिएटरात ७७वा अकॅडमी पुरस्कार सोहळा झाला, आणि दृश्य-चमत्कृतीचे (म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्सचे) पारितोषिक 'स्पायडर-मॅन २' या चित्रपटाला मिळाले. त्यानंतर चार आठवडेही उलटले नव्हते तोच, २४ मार्चला, सोनी कंपनीचे प्लेस्टेशन पोर्टेबल हे हातात धरून खेळण्याचे यंत्र अमेरिकेतल्या दुकानांत आले. किंमत २४९ डॉलर ९९ सेंट. पहिल्या दहा लाख नगांच्या खोक्यांत एक चिमुकली तबकडी फुकट घातलेली होती. तिच्यावर होता 'स्पायडर-मॅन २'. भव्यतेबद्दल गौरवलेला चित्रपट महिन्याच्या आत सव्वाचार इंचांच्या काचेवर उतरला, आणि यात काही विसंगत आहे असे त्या कंपनीला वाटल्याचे दिसत नाही. आम्हांला मात्र ते तेव्हाही विसंगत वाटले होते आणि आजही वाटते. परंतु ती विसंगती नेमकी कुठे आहे, हे वाटते तितके सरळ नाही.

या यंत्राची हकिगत थोडी मागून सांगायला हवी. हातात मावणारा खेळ ही मुळात निन्टेन्डोची मिरास. गुन्पेई योकोइ या त्यांच्या अभियंत्याने १९८०मध्ये 'गेम अँड वॉच' आणले आणि १९८९मध्ये 'गेम बॉय'. जुने, स्वस्त, चांगले मुरलेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा अनपेक्षित उपयोग करावा, असे योकोइचे तत्त्व होते. गेम बॉयच्या हिरवट पडद्यावर चारच छटा होत्या, पण बॅटरी दिवसचे दिवस टिके आणि यंत्र पोरांच्या हातून पडले तरी बहुधा चालत राही. सोनीचा स्वभाव नेमका उलटा. २००३मध्ये यंत्राची घोषणा करताना केन कुतारागी यांनी त्याचा संबंध वॉकमनशी जोडला होता. केवळ खेळणे विकायचे नव्हते. गाणी, छायाचित्रे आणि मुख्यतः चित्रपट खिशात घेऊन हिंडायची सवय लोकांना लावायची होती. म्हणून ४८० गुणिले २७२ बिंदूंचा रुंद पडदा, आणि म्हणूनच यूएमडी नावाची ६० मिलिमीटर व्यासाची, प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली, १.८ गिगाबाइट क्षमतेची खास तबकडी. १२ डिसेंबर २००४ला जपानमध्ये विक्री सुरू झाली. निन्टेन्डोचे दोन पडद्यांचे 'डीएस' त्याच्या तीनच आठवडे आधी अमेरिकेत आले होते.

निन्टेन्डो या मोहापासून अगदीच अलिप्त होती असेही नाही. त्यांच्या गेम बॉय अॅडव्हान्ससाठी व्हिडिओची काडतुसे निघाली, आणि २००५मध्ये त्यांतल्या एकावर अख्खा 'श्रेक' कोंबण्यात आला. वाचकांना आठवत असेल की अॅनिमेशनपटांसाठी ऑस्करने स्वतंत्र विभाग सुरू केला तेव्हा, २००२ साली, पहिला मान 'श्रेक'लाच मिळाला होता. तो २४० गुणिले १६० बिंदूंत पाहणे म्हणजे पैठणीचा रुमाल करून त्याने चष्मा पुसणे होय.

आता त्या वर्षीच्या पुरस्कारांविषयी आमचे मत. 'मिलियन डॉलर बेबी'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि 'द एव्हिएटर'चे मार्टिन स्कॉर्सेसी पुन्हा रिकाम्या हाताने परतले. त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळायला २००७ उजाडले, तेही 'द डिपार्टेड'सारख्या त्यांच्या दुसऱ्या फळीतल्या कामासाठी. तरीही २००५चा निर्णय आम्हांला योग्य वाटतो. ईस्टवूडचा चित्रपट काळोखाला भीत नाही. अर्धे चेहरे सावलीत ठेवून तो प्रेक्षकाला पुढे झुकायला लावतो. परदेशी भाषांच्या विभागात स्पेनच्या 'द सी इनसाइड'ला पारितोषिक मिळाले. आम्ही असतो तर ते जर्मनीच्या 'डाउनफॉल'ला दिले असते. हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरचा तो चित्रपट पाहणाऱ्याला तळघराबाहेर पडू देत नाही, आणि सहानुभूती व किळस यांच्यामधली जागा त्याने जितक्या धैर्याने धुंडाळली तितकी त्या पाचांत कुणीच धुंडाळली नाही.

या विभागाकडे मराठी माणसाचे त्या वर्षी विशेष लक्ष होते, कारण भारताची अधिकृत प्रवेशिका होती संदीप सावंत यांचा 'श्वास'. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने एका मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले होते, आणि पाठोपाठ ही निवड. लॉस एंजेलिसात जाऊन प्रसिद्धी करायची तर डॉलर लागतात. महाराष्ट्रातून देणग्या जमवून ते उभे करावे लागले. अखेर 'श्वास'ला नामांकन मिळाले नाही, आणि आपल्याकडे दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटल्या: 'अन्याय झाला' आणि 'कशाला गेला होतात?' या दोन्हींत एक गोष्ट हरवली. त्या काळी परदेशी भाषांच्या विभागात नामांकने ठरवणाऱ्या सदस्यांना प्रवेशिका चित्रपटगृहातच, रीतसर खेळाला हजर राहून पाहाव्या लागत. अंतिम मतदानासाठीही पाचही चित्रपट तसेच पाहिल्याची अट होती. म्हणजे 'श्वास' हरला असेल, पण अंधाऱ्या सभागृहात, पूर्ण आकाराच्या पडद्यावर पाहिला जाऊन हरला.

बाकीच्या बहुतेक विभागांत तसे नव्हते. तिथे सदस्यांच्या घरी 'स्क्रीनर' म्हणून चित्रपटाच्या प्रती पाठवण्याची पद्धत होती. चोरट्या प्रतींच्या भीतीने स्टुडिओंच्या संघटनेचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांनी सप्टेंबर २००३च्या अखेरीस या प्रती पाठवण्यावर बंदी घातली आणि एकच गदारोळ उठला. स्वतंत्र निर्मात्यांचे म्हणणे असे की, मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट हजारो चित्रगृहांत लागतात, आमचे पाच-दहा ठिकाणी. घरी तबकडी गेली नाही तर आम्हांला पाहणार कोण? प्रकरण न्यायालयात गेले आणि डिसेंबरात बंदीला मनाई मिळाली. पुढच्याच महिन्यात एका सदस्याकडे गेलेल्या प्रतींच्या चोरट्या नकला बाहेर फिरताना सापडल्या, आणि २००४मध्ये अकॅडमीने त्याला काढून टाकले. भांडण चोरीचे होते, पण त्यात एक कबुली दडलेली होती: जगातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रपट-पुरस्काराचे परीक्षक पुष्कळसे चित्रपट दिवाणखान्यात, फोन वाजत असताना, पाहत होते. तेव्हा खिशातल्या पडद्याला नाक मुरडण्याचा अधिकार निदान त्यांना तरी नव्हता.

शिवाय थोडे गणित करून पाहावे. सव्वाचार इंची पडदा सुमारे साडेनऊ सेंटिमीटर रुंद. तो फुटभर अंतरावर धरला तर डोळ्यांपुढचा अठरा अंशांचा कोन व्यापतो. त्या काळच्या घरातला २९ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहिला तर अकरा अंश. म्हणजे डोळ्याच्या हिशेबाने तळहातावरचे चित्र टीव्हीपेक्षा मोठे होते! चित्रपटगृहात मधल्या रांगेत बसले तर सहज चाळीस अंश होतात हे खरे, पण तुलना प्रामाणिक करायची तर ती टीव्हीशीही करायला हवी.

मग गमावत काय होतो? याचे उत्तर त्या यंत्रावर खपलेल्या पहिल्या चित्रपटांतच आहे. अमेरिकेत ज्या दोन यूएमडींनी प्रथम लाखाचा आकडा ओलांडला त्यांत एक होता 'रेसिडेन्ट इव्हिल: अपॉकॅलिप्स' आणि दुसरा झांग यिमोचा 'हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स'. हा दुसरा चित्रपट चीनने त्याच वर्षी ऑस्करला पाठवला होता. परदेशी विभागात तो 'श्वास'सारखाच नामांकनाविना राहिला, मात्र छायालेखनासाठी त्याला नामांकन होते. अशा रुंद चौकटीचा चित्रपट ४८० बिंदूंच्या पडद्यावर बसवला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्रासाठी उरतात जेमतेम २०४ ओळी. बांबूच्या वनात वरून सैनिक उतरतात त्या प्रसंगात एकेक माणूस मग किती बिंदूंचा होतो, याची कल्पना करावी. हिरव्यातल्या हिरव्याच्या शंभर छटांसाठी जे छायालेखन गौरवायचे, तेच इथे हिरवा डाग होते. उलट 'रेसिडेन्ट इव्हिल'चे विशेष काही बिघडत नाही. तो मुळातच व्हिडिओ गेमवरून निघालेला, पुन्हा माहेरी आला इतकेच.

'स्पायडर-मॅन २'चे काय? त्या विभागात शर्यतीतल्या चित्रपटांची निवडक दृश्ये त्या शाखेच्या सदस्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायची प्रथा आहे, आणि ती आम्हांला ऑस्करमधल्या सर्वांत शहाण्या प्रथांपैकी एक वाटते. धावत्या गाडीवरची झुंज तिथे पाहिली तर जॉन डाइक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी मानवी शरीराला वजन कसे दिले ते कळते. हातातल्या यंत्रावर तीच झुंज पाहताना अंगठे नकळत कळा शोधू लागतात. खेळण्याच्या यंत्रावर सगळे खेळासारखे दिसते; पाहणारा प्रेक्षक न राहता वाट पाहणारा खेळाडू होतो. आमच्या मते खरा फरक आकारात नसून या बैठकीत आहे.

'श्वास' त्या तबकडीवर कधी निघाला असे आमच्या पाहण्यात नाही, पण तो तिथे कसा दिसला असता हा विचार मनात येतोच. डोळ्यांच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रियेत नातवाची दृष्टी जाणार, म्हणून त्याआधी आजोबा त्याला एक दिवस जग दाखवून आणतात. अरुण नलावडे यांचा चेहरा चार इंचांतही वाचता आला असता. तो चेहऱ्यांचा चित्रपट आहे. पण पाहणे ही गोष्टच उद्या संपणार आहे, असे ज्यात एका पोराला सांगायचे आहे, तो चित्रपट मधेच थांबवून, स्टेशन आले म्हणून खिशात घालणे आमच्याने झाले नसते.

यूएमडीचे पुढे जे झाले त्याला मात्र सौंदर्यशास्त्र कारण नव्हते, हिशेब होता. एका चित्रपटाची यूएमडी वीस ते तीस डॉलरला पडे, म्हणजे डीव्हीडीइतकी किंवा अधिक. आणि ती त्या यंत्राबाहेर कुठेही चालत नसे. गिऱ्हाईक आपलीच डीव्हीडी उतरवून मेमरी स्टिकवर घालू लागले. सोनीला हा धडा नवा नव्हता. १९७५चे बीटामॅक्स असेच स्वतःच्या कुंपणात अडकून हरले होते. त्या वेळी युनिव्हर्सलने सोनीला न्यायालयात खेचले होते आणि १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला होता. तीच युनिव्हर्सल २००५मध्ये सोनीच्या तबकडीवर आपले चित्रपट विकत होती, आणि २००६च्या वसंतात तिने व इतर काही स्टुडिओंनी हात आखडता घेतल्याच्या बातम्या आल्या. गंमत अशी की तबकडीवरचे चित्र पडद्याला दाखवता येईल त्याहून सरस, डीव्हीडीच्या तोडीचे, साठवलेले असे. पण यंत्र टीव्हीला जोडायची सोय आली २००७च्या दुसऱ्या आवृत्तीत. तोवर नव्या तबकड्यांचा ओघ आटला होता. २००९च्या 'पीएसपी गो'ला तर तबकडीची खाचच नव्हती. खेळाचे यंत्र म्हणून पीएसपी साडेसात कोटींहून अधिक खपले आणि २०१४पर्यंत विकले गेले.

अकॅडमीचे नियमही हळूहळू बदलले. परदेशी भाषांच्या विभागातली, अंतिम मतदानासाठी चित्रपटगृहात जाऊन पाहण्याची अट २०१३मध्ये उठली आणि सदस्यांना पाचही चित्रपटांच्या तबकड्या घरी जाऊ लागल्या. मराठीतून त्यानंतर २०१५मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' भारताची प्रवेशिका होता. २००९च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'प्रमाणे त्यालाही नामांकन मिळाले नाही. २०१९पासून अकॅडमीची स्वतःची ऑनलाइन प्रदर्शन-सेवा आहे, आणि काही वर्षांतच टपालाने प्रती पाठवणे तिने बंद केले. एप्रिल २०२५मध्ये आणखी एक नियम जाहीर झाला: ज्या विभागात अंतिम मत द्यायचे त्यातले सर्व नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असलेच पाहिजेत. सत्त्याण्णव सोहळे होऊन गेल्यावर हे सर्व विभागांसाठी सक्तीचे करावे लागले.