घुमटाखालचा शिक्षक



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने तारांगणावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर असे की, तारांगणाचा जो इतिहास आपल्याला सांगण्यात येतो, त्यात यंत्र असते, यंत्र बनवणारा कारखाना असतो, पैसा देणारा दाता असतो. पण अंधारात उभा राहून लोकांना आकाश शिकवणारा माणूस त्यात बहुधा नसतो. ज्याच्या श्रमावर संस्था चालते त्याचे नाव पाटीवर येत नाही, हा अनुभव आम्हां कामगारांना नवा नाही. म्हणून आज त्या माणसाविषयी, विशेषतः विद्यापीठाच्या तारांगणात काम करणाऱ्या शिक्षकाविषयी, चार शब्द सांगावे असे मी ठरवले.

प्रथम यंत्राची हकीकत. म्युनिक येथील विज्ञान-संग्रहालयाचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना लोकांना ग्रहताऱ्यांची गती दाखवायची होती. त्यांनी येना गावच्या झाइस कारखान्याला गळ घातली. ताऱ्यांसाठी छिद्रे पाडलेला एक मोठा पोकळ गोल फिरवावा आणि प्रेक्षकांना त्याच्या आत बसवावे, अशी आरंभीची कल्पना होती. कारखान्यातील अभियंता वाल्टर बाउअर्सफेल्ड याने ती उलटी केली. घुमट स्थिर ठेवावा आणि मध्यभागी प्रकाश फेकणारे यंत्र फिरवावे! कल्पना साधी, पण ती प्रत्यक्षात उतरायला महायुद्धाच्या खंडासह कित्येक वर्षे लागली. २१ ऑक्टोबर १९२३ रोजी म्युनिकमध्ये त्या यंत्राने सुमारे ४,५०० तारे घुमटावर उमटवून दाखवले, आणि ७ मे १९२५ रोजी संग्रहालयाच्या नव्या इमारतीत ते कायमचे सुरू झाले.

आता हे यंत्र येना येथेच का झाले, याकडे लक्ष द्या. झाइस कारखान्याला शास्त्रीय पाया घालून देणारा अर्न्स्ट आबे हा एका सूतगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. त्याचा बाप दिवसाला चौदा ते सोळा तास उभ्याने राबे. दुपारी मुलगा डबा घेऊन जाई, बाप यंत्राला टेकून घाईघाईने चार घास खाई आणि रिकामे भांडे मुलाच्या हाती देऊन पुन्हा कामाला लागे. ही आठवण आबेने पुढे स्वतःच सांगून ठेवली आहे. हा मुलगा प्राध्यापक झाला, येनाच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, कारखान्याचा भागीदार झाला. परंतु तो डबा विसरला नाही. १८८९ साली त्याने झाइस प्रतिष्ठान स्थापले आणि कारखान्याची मालकी त्या प्रतिष्ठानाकडे नेली. १८९६ च्या घटनेत कामगारांना पगारी रजा आणि निवृत्तिवेतन यांचे हक्क लिहून दिले. १९०० साली कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. आमच्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने गिरणी कामगाराला आठवड्याची एक सुटी मिळाली ती १८९० साली. या दोन घटना एकाच काळातल्या आहेत. आकाश सर्वांचे आहे असे आपण म्हणतो. पण वर मान करायला ज्याला वेळच नाही, त्याचे ते कसे? उसंत ही ज्ञानाची पहिली अट आहे. आठ तासांचा दिवस ज्या कारखान्याने मान्य केला, त्याच कारखान्यातून लोकांसाठी आकाश तयार होऊन बाहेर पडले, यात मला एक प्रकारची संगती दिसते.

झाइसचे यंत्र मात्र फार महाग. मोठी शहरे आणि मोठे दाते यांनाच ते परवडे. ही अडचण आर्मंड स्पिट्झ याने काहीशी दूर केली. हा गृहस्थ मूळचा वृत्तपत्रातला. पुढे फिलाडेल्फियाच्या फेल्स तारांगणात तो व्याख्याने देऊ लागला आणि लोकांपुढे बोलता बोलताच खगोलशास्त्र शिकत गेला. १९४७ साली त्याने बारा पंचकोनी बाजूंचे, छिद्रांतून प्रकाश सोडणारे एक लहान यंत्र विक्रीला आणले. किंमत पाचशे डॉलर. शाळांना आणि महाविद्यालयांना तारांगण आवाक्यात आले. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकन सरकारला विज्ञानशिक्षणाची निकड भासली आणि १९५८ च्या शिक्षणविषयक कायद्याच्या पैशातून शाळाशाळांत अशी तारांगणे उभी राहिली. आपल्या पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालीच लहान तारांगण सुरू झाले होते, ही गोष्ट पुणेकरांना अभिमानाने सांगण्यासारखी आहे. कलकत्त्याचे बिर्ला तारांगण आणि मुंबईचे नेहरू तारांगण त्यानंतरचे. पैकी मुंबईचे १९७७ चे.

आता मुख्य विषयाकडे वळू. अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारात उभे राहिलेले पहिले तारांगण म्हणजे नॉर्थ कॅरोलिना राज्यातील चॅपल हिल येथील मोरहेड तारांगण. ते १० मे १९४९ रोजी उघडले. यंत्र झाइसचेच, दुसऱ्या बनावटीचे, स्वीडनमधून विकत घेतलेले. घुमट ६८ फूट व्यासाचा. पहिल्या कार्यक्रमाचे नाव होते ‘प्रकाश होवो’. दाता जॉन मॉटली मोरहेड हा रसायनशास्त्रज्ञ. कॅल्शियम कार्बाइडच्या शोधाशी त्याचा निकटचा संबंध आणि त्याची संपत्ती युनियन कार्बाइड कंपनीतली. हे नाव उच्चारताच भारतीय कामगाराच्या मनात डिसेंबर १९८४ चे भोपाळ उभे राहिल्यावाचून राहत नाही. मोरहेड त्याआधी १९ वर्षे, १९६५ साली वारला. त्या पापाचा वाटा त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, दात्याच्या पैशाने घुमट उभा राहतो; त्या घुमटाखाली शिक्षण घडते की नुसती करमणूक, हे पैसा ठरवीत नाही. ते तिथे काम करणारे ठरवतात.

चॅपल हिल येथे ते कोणी ठरवले? अँथनी जेन्झानो नावाच्या तंत्रज्ञाने. हाही फिलाडेल्फियाच्या फेल्स तारांगणातून आलेला. १९४९ साली तो आला तो प्राध्यापक म्हणून नव्हे, तर यंत्र चालवणारा आणि दुरुस्त करणारा म्हणून. दोन वर्षांत, १९५१ साली, तो तारांगणाचा संचालक झाला आणि १९८१ पर्यंत त्या जागी राहिला. यंत्राचा प्रत्येक दिवा आणि प्रत्येक दाता त्याला ठाऊक. विद्यापीठात विद्वानांची वाण नव्हती. पण यंत्र हाताने जाणणारा आणि तेच ज्ञान दुसऱ्याला सोपे करून सांगणारा माणूस विरळा.

अमेरिकेने अंतराळवीर निवडले तेव्हा जेन्झानोने एक साधा विचार मांडला. यानातली उपकरणे बंद पडली तर वाट कशी काढणार? ताऱ्यांवरून. आणि तारे हवे त्या वेळी, हव्या त्या बाजूने कुठे दाखवता येतील? तारांगणात. त्याची सूचना मान्य झाली आणि १९६० ते १९७५ या काळात मर्क्युरी, जेमिनी, अपोलो, स्कायलॅब आणि अपोलो-सोयुझ या मोहिमांतले साठाहून अधिक अंतराळवीर चॅपल हिलला येऊन आकाश शिकून गेले. साधने काय होती म्हणाल? प्लायवुड आणि पुठ्ठा! त्यांची यानाची नक्कल करून तिला अरुंद खिडकी ठेवली, म्हणजे अंतराळात दिसेल तेवढाच आकाशाचा तुकडा दिसावा. यान कलते, वळते तेव्हा तारे कसे सरकतात हे दाखवायला न्हाव्याची खुर्ची सुधारून घेतली. कोट्यवधी डॉलरच्या मोहिमेची एक परीक्षा न्हाव्याच्या खुर्चीत झाली, हे ऐकून हसू येईल. पण जो कामगार हातातल्या वस्तूंतून अडलेले काम पुढे नेतो, त्याला यात नवल वाटणार नाही.

या शिक्षणाचे मोल लवकरच कळले. मे १९६३ मध्ये गॉर्डन कूपर पृथ्वीभोवती २२ फेऱ्या मारीत असता शेवटी शेवटी यानातली स्वयंचलित व्यवस्था निकामी झाली. चॅपल हिलला शिकून गेलेल्या या माणसाने खिडकीतून बाहेर पाहून आणि मनगटावरच्या घड्याळाच्या आधाराने यानाचा रोख हाताने सांभाळला आणि पॅसिफिक महासागरात ठरल्या जहाजापासून काही मैलांवर ते उतरवले. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ वर उड्डाणानंतर मिनिटाच्या आत दोनदा वीज पडली आणि दिशादर्शक यंत्रणेने आपला ठाव सोडला. अंतराळवीरांनी पृथ्वीभोवती फिरता फिरता तारे पाहून ती पुन्हा जुळवली आणि चंद्राची वाट धरली. अपोलोसाठी ३७ तारे नेमलेले होते. आपला व्याध, अगस्ती, रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, अभिजित, श्रवण हे सारे त्यांत आहेत. त्यांतल्या तिघांना गस ग्रिसम याने आपल्या व सोबत्यांच्या नावातील शब्द उलटे करून गमतीने नावे दिली होती. २७ जानेवारी १९६७ च्या आगीत ते तिघेही यानातच मेले, आणि ती नावे मागे राहिली. कामावर मेलेल्या सोबत्यांची याहून उंच जागी लिहिलेली आठवण मला ठाऊक नाही.

परंतु अंतराळवीर म्हणजे पाहुणे. रोजचा विद्यार्थी निराळा. शाळेची पोरे रांगेने आत येतात, दंगा करतात. शिक्षक दिवे एकदम घालवीत नाही. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, हे त्याला माहीत असते. तो बोलत राहतो आणि सूर्यास्त हळूहळू उतरू देतो. एखादे पोर घाबरून रडते. त्याच्याकरिता तो क्षितिजावर थोडा उजेड राखतो. कोणी विचारते, ‘ध्रुव हलत का नाही?’ तेव्हा पाठ केलेले भाषण तो सोडतो आणि सबंध आकाश दोनदा फिरवून दाखवतो. दिवसाच्या तिसऱ्या खेळालाही त्याच उमेदीने हे करणे म्हणजे काय, हे पाळीत राबणाऱ्याने ओळखावे.

इथेच खरा प्रश्न येतो. ध्वनिफितीवर भाषण भरून ठेवले की निवेदक लागत नाही, हे व्यवस्थापकांच्या लवकरच ध्यानात आले. १९८३ साली व्हर्जिनियातील रिचमंड येथे संगणकाने आकाश काढणारे यंत्र बसले, आणि पुढे तयार चित्रपट घुमटावर लावण्याची प्रथा वाढली. चॅपल हिलचा घुमटही २०१० च्या सुमारास अंकीय झाला. मी यंत्राचा वैरी नाही. या यंत्राने शनीच्या कड्यांजवळून फिरवून आणता येते, ते जुन्या झाइसला शक्य नव्हते. परंतु चित्रपटाला प्रश्न विचारता येत नाही. रडणारे पोर त्याला दिसत नाही. आज रात्री आपल्याच गावावर कोणता ग्रह दिसेल, हे गेल्या वर्षी भरलेल्या फितीला ठाऊक नसते. चांगल्या विद्यापीठीय तारांगणांनी म्हणूनच जिवंत निवेदन सोडलेले नाही. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थीच ते करतात. त्यांना तासावर पैसे देऊन हंगाम संपताच घरी पाठवायचे, की त्यांच्यातून एखादा जेन्झानो घडू द्यायचा, हा हिशेबाचा नव्हे, धोरणाचा प्रश्न आहे.

स्पिट्झ वृत्तपत्रातून आला, जेन्झानो यंत्रशाळेतून आला. दोघांनाही घुमटाखाली उभे राहून शिकण्याची आणि शिकवण्याची सवड मिळाली, म्हणून ते घडले. तंत्रज्ञाला वर्षानुवर्षे टिकून एका कामात मुरण्याची संधी ज्या संस्था देतात, त्यांनाच पुढे असे शिक्षक मिळतात. आपल्याकडेही गावोगावी घुमट बांधण्याचे बेत निघतात. कोनशिलेचा समारंभ होतो, यंत्राची किंमत छापून येते. अशा वेळी आपण नागरिकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: इथे शिकवणार कोण, त्याची नेमणूक कायम आहे काय, आणि त्याला वेतन काय देणार? याचे उत्तर धड मिळाले, तर घुमट साधा पत्र्याचा असला तरी चालेल.