खप आणि ओढ

लोकप्रियता हा शब्द आपण मराठीत फार सैलपणे वापरतो. एखाद्या पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या की ते लोकप्रिय ठरते. पण दहाच माणसांनी एखादे पुस्तक जन्मभर उशाशी बाळगले, तर त्या गोष्टीला काय नाव द्यावे याचा विचार आपण क्वचितच करतो. संगीताच्या बाबतीत हा घोळ अधिकच वाढतो. अमीनाबादेतील आम्हां मराठी मंडळींच्या रविवारच्या बैठकीत गेले काही महिने या प्रश्नावर वाद चालू आहे, आणि त्याला निमित्त झाले आहेत ते इंग्लंडमधील १९८० ते १९९० या दशकातले ‘पर्यायी’ म्हणून ओळखले जाणारे बँड. आमच्या या बाजारात बँड म्हटले की वरातीपुढे चालणारी लाल डगल्यांतली मंडळी डोळ्यांपुढे येतात. म्हणून आधीच सांगितलेले बरे की येथे अभिप्रेत आहेत ते गिटार आणि ड्रम घेऊन स्वतःच रचलेली गाणी गाणारे चार-पाच तरुणांचे मेळ : द स्मिथ्स, न्यू ऑर्डर, द क्युअर आणि त्यांचे सोबती. एक पक्ष म्हणतो, ही गाणी थोर होती, पण जगाने त्यांची कदर केली नाही. दुसरा म्हणतो, जे जगाने घेतलेच नाही त्याचा इतिहास कशासाठी लिहावयाचा? आम्हांला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

या वादाला लखनौचा एक धागा आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात नसतो. १४ ऑक्टोबर १९४० रोजी येथील किंग जॉर्ज रुग्णालयात हॅरी रॉजर वेब नावाचे एक मूल जन्मले. वडील रेल्वेला खानपान पुरविणाऱ्या कंत्राटदाराकडे व्यवस्थापक होते, आणि बिऱ्हाड हजरतगंजाजवळच्या मकबऱ्याच्या भागात, म्हणजे अमीनाबादेपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. १९४८ साली हे कुटुंब ‘रांची’ नावाच्या आगबोटीने इंग्लंडला गेले. दहा वर्षांनी हाच मुलगा क्लिफ रिचर्ड या नावाने तेथील तरुणांच्या गळ्यातला ताईत झाला. १९५९ साली त्याची तबकडी खपाच्या यादीत प्रथम क्रमांकावर गेली, आणि पुढे १९९० च्या दशकापर्यंत प्रत्येक दशकात त्याने हे स्थान एकदा तरी मिळविले. आपला मुद्दा ज्या दशकाचा आहे त्यातले १९८८ हे वर्ष घ्या. त्या नाताळात त्याचे ‘मिसलटो अँड वाइन’ हे गाणे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि वर्षभरात ब्रिटनमध्ये सर्वांत अधिक खपलेली सुटी तबकडी तीच ठरली. आता द स्मिथ्स पाहा. १९८२ साली मँचेस्टरमध्ये जमलेला आणि १९८७ साली मोडलेला हा बँड पर्यायी संगीताचा जणू ध्वज मानला जातो. पण तो अस्तित्वात असेतोवर त्याची एकही सुटी तबकडी दहाव्या क्रमांकाच्या वर गेली नाही.

एवढ्यावरच थांबले तर पहिल्या पक्षाचे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे दिसते. परंतु आमचा दिवस आवक-जावकीच्या नोंदींत जातो. कोणताही आकडा समोर आला की तो कोणत्या नोंदवहीतला, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे. सुट्या तबकडीची वही वेगळी आणि दहा-बारा गाण्यांच्या दीर्घ तबकडीची वेगळी. या दुसऱ्या वहीत स्मिथ्सच्या चारही मुख्य तबकड्या पहिल्या दोन स्थानांत आहेत. १९८५ सालची ‘मीट इज मर्डर’ तर पहिल्याच स्थानावर गेली. (मांसाहार म्हणजे खून, असे नाव धारण करणाऱ्या या तबकडीची चर्चा टुंडे कबाबीच्या धुराच्या टप्प्यात बसून करणे हा अमीनाबादचा विनोद आहे, आणि आमच्या बैठकीने तो पुरेपूर उपभोगला आहे.) सुटी तबकडी येणारा-जाणाराही घेऊन जातो, दीर्घ तबकडीसाठी मात्र पैसे साठवावे लागतात. म्हणजे या बँडला श्रोते नव्हते असे नाही. त्याचे श्रोते वर्गणीदारासारखे होते. लांबच्या गावी चालणाऱ्या मराठी मासिकाच्या वाचकाला हा फरक उलगडून सांगण्याची गरज नसावी.

‘पर्यायी’ या विशेषणाचा उगमही सुरांत नसून व्यवहारात आहे. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र तबकड्यांची एक वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. तीत प्रवेश मिळण्यासाठी गाणे कसे आहे याला महत्त्व नव्हते. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आली पाहिजे, एवढीच अट होती. यातून मोठी गंमत झाली. काइली मिनोग या ऑस्ट्रेलियन गायिकेची १९८८ सालची तुफान खपलेली नाचगाणी या स्वतंत्र यादीतही झळकली, कारण तिच्या तबकड्या काढणारी कंपनी स्वतंत्र वितरकामार्फत माल पाठवीत असे. याउलट द क्युअरसारखा, ज्याला पर्यायी म्हणण्यात कोणी कुचरत नाही असा बँड, मोठ्या कंपनीच्या छत्राखाली होता. न्यू ऑर्डरच्या ‘ब्लू मंडे’ची कथा तर कोणत्याही कारकुनाला आवडावी अशी आहे. १९८३ साली निघालेली ही बारा इंची तबकडी त्या आकाराच्या तबकड्यांत ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली. पण सोनेरी तबकडीचा मान तिला मिळाला नाही, कारण ती काढणारी फॅक्टरी ही संस्था ध्वनिमुद्रण व्यावसायिकांच्या संघाची सभासदच नव्हती. माल खपला, पण नोंदणी नसल्यामुळे प्रमाणपत्र नाही!

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत आपल्याकडे लघुअनियतकालिकांची जी चळवळ फोफावली, तिचा झगडाही छपाई आणि वितरण कोणाच्या हाती असावे याच्याशीच होता. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा तर हा पर्याय खपातही पुढे गेला. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर ज्या भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुस्तिका हातोहात जात, त्यांची मोजदाद कोणत्या यादीत झाली? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ज्या घराघरांत पोहोचला, त्या घरांचा आकडा मांडणारी वही आपल्याकडे कोणी ठेवलीच नाही. इंग्लंडमध्ये निदान दुसरी वही होती.

मग या बँडविषयीची ओढ कशातून आली? आमच्या मते तिचे पहिले कारण त्या शहरांच्या अवस्थेत शोधले पाहिजे. ज्या मँचेस्टरच्या कापडाने हिंदुस्थानच्या बाजारपेठा एकेकाळी भरून गेल्या होत्या, तेथील गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडल्या. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांच्या वर गेली. त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि गिरणगावाचा शेवट सुरू झाला. एकाच धंद्याची ही दोन टोके एकाच वेळी ढासळत होती. पण तेथील बेकार तरुणाला आठवड्याचा सरकारी भत्ता मिळत असे. १९८३ पासून देशभर लागू झालेल्या एका योजनेत, जो स्वतःचा उद्योग काढील त्याला आठवड्याला ४० पौंड मिळू लागले, आणि ॲलन मॅगी याने आपल्या ‘क्रिएशन’ या ध्वनिमुद्रण संस्थेसाठी त्याच योजनेचा आधार घेतला. परळ-लालबागच्या तरुणाला असा भत्ता कोण देणार? अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे गिरणगावाचे दोन बुलंद आवाज १९६९ सालीच निमाले होते. संपानंतरच्या घराची कहाणी जयंत पवारांच्या ‘अधांतर’मधून रंगभूमीवर आली ती १९९७ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. बेकारीतून आपोआप गाणे उगवते असे मानणाऱ्यांनी ही पंधरा वर्षे लक्षात घ्यावीत.

दुसरे कारण रेडिओ. बीबीसीने १९६७ पासून जॉन पील या निवेदकाला वेळ दिली होती, आणि २००४ साली त्याचा मृत्यू होईतो तो नवख्या, अनगड, कधी कधी बेसूरही बँडना तेथे वाजवीत राहिला. वर्षअखेरीस तो श्रोत्यांच्या मतांनी पन्नास गाण्यांची यादी करी. १९८६ च्या यादीत अग्रस्थान मिळाले ते स्मिथ्सच्या ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’ या गाण्याला, आणि हे गाणे तोपर्यंत ब्रिटनमध्ये सुट्या तबकडीच्या रूपात निघालेलेही नव्हते. ते निघाले १९९२ साली. विक्रीच्या वहीत ज्याला पानच नाही असे गाणे श्रोत्यांच्या वहीत पहिले, याहून स्पष्ट दाखला आम्हांला माहीत नाही.

येथे एका पुणेकराची आठवण अटळ आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, पण लोकसभेवर निवडून गेले ते आमच्या शेजारच्या सुलतानपूर भागातून, आणि १९५२ पासून दहा वर्षे ते नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरील चित्रपटसंगीत आधी घटले आणि मग जवळजवळ नाहीसेच झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची कळकळ खरी होती, त्याबद्दल आम्हांला शंका नाही. भातखंड्यांनी १९२६ साली येथे स्थापलेल्या संगीत महाविद्यालयाच्या गावात राहून ती शंका घेणे शोभणारही नाही. पण श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सयानींच्या आवाजात चढणाऱ्या-उतरणाऱ्या ‘पायदानां’वर सारा देश बुधवारी कान लावून बसू लागला. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. थोड्यांच्या आवडीला जागा हवी म्हणून पुष्कळांच्या आवडीचे दार लावण्याचा हा प्रयोग फसला. पीलसाठी कोणाचे दार लावावे लागले नव्हते. लोक दिवसा क्लिफ रिचर्ड ऐकत आणि रात्री ज्याला हवे तो जागा राही. आमच्या बैठकीतील पहिल्या पक्षाला, जो लोकप्रिय गाण्याची सदैव हेटाळणी करतो, आम्ही केसकरांचाच वारसदार समजतो.

हे बँड हिंदुस्थानात त्या काळी आले का? जवळजवळ नाहीच. ज्यांचे मोठ्या कंपन्यांशी करारमदार होते त्यांच्याच तबकड्या येथे निघत. मार्च १९८० मध्ये द पोलीस हा बँड मुंबईत येऊन गाऊन गेला, तोही एका परोपकारी महिला मंडळाच्या निमंत्रणावरून. बाकी सारे परदेशांतून येणाऱ्या आप्तांच्या पेट्यांतल्या कॅसेटी आणि त्यांच्या नकला यांवर अवलंबून होते. १९९३ साली अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक काढले ते मुंबईत किंवा दिल्लीत नव्हे, तर आमच्या प्रयागला, हे मात्र अभिमानाने नोंदवावेसे वाटते. आज हातातल्या फोनवर त्या दशकातले जवळजवळ सर्व काही ऐकता येते. म्हणूनच ज्यांच्या जन्माआधी ते दशक सरले, त्या आमच्या पिढीलाही हा वाद घालता येतो.

पण या ओढीला एक काटाही आहे, आणि तो आपल्याला अधिक बोचावा असा आहे. स्मिथ्सचा गायक मॉरिसी पुढे एकटा गाऊ लागला. १९८८ साली त्याने एका बंगाली स्थलांतरितावर रचलेल्या गाण्यामुळे पुष्कळ मने दुखावली, आणि १९९२ साली लंडनमधील एका जलशात तो ब्रिटिश झेंडा अंगाभोवती गुंडाळून वावरला, तेव्हा संशय बळावला. त्या वर्षी लेस्टर येथील कॉर्नरशॉप या बँडने लंडनमध्ये त्याच्या कंपनीच्या कचेरीसमोर त्याची छायाचित्रे जाळली. या बँडचा नायक तजिंदर सिंग हा पंजाबी कुटुंबातला आणि याच पर्यायी संगीताच्या वाटेवरचा होता, हे विसरता कामा नये. ज्या गाण्याने ‘तू एकटा नाहीस’ असा दिलासा द्यावा, त्याचाच गायक आपल्याला बाहेरचा समजत असेल, तर श्रोत्याने काय करावे? आमच्या बैठकीत या प्रश्नावर आवाज चढले. एकाने ती गाणी ऐकणे सोडले आहे. आम्ही सोडलेली नाहीत, पण पूर्वीसारखी निर्धास्त ऐकताही येत नाहीत.

कॉर्नरशॉपने पुढे जे केले त्यात मराठी माणसाला सुख वाटेल. १९९७ साली त्यांनी ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे काढले. त्यातली आशा म्हणजे आपल्या सांगलीच्या आशा भोसले, आणि गाण्याचा विषय हिंदी चित्रपटगीतांच्या त्या लहान तबकड्या, ज्यांनी परदेशांतील घरांना सोबत केली. पहिल्या खेपेस ते साठाव्या क्रमांकावर अडकले. नॉर्मन कुक याने त्याला नवा ठेका दिल्यावर फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच ब्रिटनच्या यादीत पहिले झाले. केसकरांच्या आकाशवाणीने ज्या गाण्यांना दार बंद केले होते, त्याच कुळातल्या गाण्यांचे गुणगान अखेर एका पर्यायी बँडने विलायतेत केले, हा योगायोग आम्हांला फार गोड वाटतो.

लखनौच्या हॅरी वेबची हकीगत मात्र अजून थोडी उरली आहे. १९९९ साली त्याने ख्रिस्ती लोकांची नित्याची प्रार्थना एका जुन्या स्कॉटिश चालीवर बसवून गायिली. ज्या मोठ्या कंपनीकडे त्याने चाळीस वर्षे गाणी मुद्रित केली होती, तिने ती तबकडी काढण्यास नकार दिला. मोठ्या रेडिओ केंद्रांनी ती वाजविली नाही. तेव्हा पॅपिलॉन नावाच्या एका छोट्या कंपनीने ती काढली, आणि एकोणसाठ वर्षांच्या या गायकाचे ते गाणे लोकांनी दुकानांत जाऊन, नाव सांगून मागून घेतले. तीन आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होते.