धरणातून झिरपणारं पाणी गढूळ आहे की स्वच्छ? जालन्यातल्या मातीच्या धरणांबद्दल हे माहीत असायला हवं

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून जास्त लोकांचा जीव गेला. राज्यभर त्याचीच चर्चा सुरू असताना जालना जिल्ह्यातून दुसरी बातमी आली. भोकरदन तालुक्यातल्या शेलूदच्या धामणा धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. तिवऱ्याचे फोटो तोवर प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचले होते, त्यामुळे धरणाखालच्या गावांत घबराट पसरली. अधिकारी पाहणीला गेले.

धामणा धरण फुटलं नाही. पण गळणारं प्रत्येक धरण फुटतं का? आणि फुटणार असेल तर ते आधी कळतं का?

गळती म्हणजे धोकाच, असं नाही

जालना जिल्ह्यात धामणा, जुई, जीवरेखा, अप्पर दुधना, कल्याण मध्यम, कल्याण गिरजा आणि गल्हाटी असे सात मध्यम प्रकल्प आहेत. त्याशिवाय लघु प्रकल्प आणि गावोगावचे पाझर तलाव. यातल्या बहुतेकांची मुख्य भिंत मातीची आहे.

मातीच्या भिंतीत पोटात गाभा असतो, साधारणपणे काळ्या चिकण मातीचा. दोन्ही बाजूंनी मुरमाचं आवरण असतं. पाण्याकडच्या उतारावर दगड रचलेले असतात, त्याला पिचिंग म्हणतात. खालच्या बाजूला पायथ्याशी दगडांचा थर असतो. भिंतीतून जे थोडंफार पाणी झिरपतं, ते या दगडांतून बाहेर पडावं यासाठीच तो दिलेला असतो. म्हणजे मातीचं धरण थोडं झिरपणार, हे बांधतानाच धरलेलं असतं.

त्यामुळे पाणी येतंय का, यापेक्षा ते कसं येतंय हे महत्त्वाचं. स्वच्छ आणि रोज तेवढंच येणारं पाणी असेल तर नोंद ठेवायची. पाणी गढूळ असेल तर ते भिंतीतली माती सोबत घेऊन येतंय. आत एक बारीक नळी तयार होते, माती वाहून जाते तशी ती रुंद होते, आणि रुंद झाली की जास्त पाणी येतं. इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात. हे चक्र एकदा वेगात सुरू झालं की काही तासांत भिंत बसू शकते. जगभरात मातीची धरणं फुटण्याच्या दोन मुख्य कारणांपैकी हे एक.

तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. दुर्घटनेनंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. विरोधक तर खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले. खेकडे, उंदीर, घुशी बांधात बिळं करतात हे खरं आहे. म्हणूनच तर बिळं शोधून बुजवणं हा देखभालीचा नेहमीचा भाग असतो. खेकड्याचं बीळ कोणाला वेळेत दिसलं नाही, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

दुष्काळाने धरणाचंही नुकसान होतं

जालन्यात तलावाची बातमी बहुतेक वेळा तो कोरडा पडल्याची असते. २०१२-१३ च्या दुष्काळात हा राज्यातला सर्वात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. २०१८ सालीही पावसाने दगा दिला. तळ उघडा पडला की चर्चा पाण्याची होते, भिंतीकडे कोणी बघत नाही.

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. बांधातली काळी माती वर्षानुवर्षं कोरडी राहिली तर तीही तडकू शकते. त्यातच बांधावर वेडी बाभूळ वाढते, तिची मुळं आत घुसतात, आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. मग एखाद्या वर्षी जोराचा पाऊस येतो आणि तलाव चार दिवसांत काठोकाठ भरतो. लांब कोरड्या काळानंतरचं हे भरणं मातीच्या भिंतीची खरी परीक्षा असते. नेमकं त्याच दिवशी गाव जलपूजनाला जमतं. फोटो भरलेल्या पाण्याचे निघतात, भिंतीच्या मागच्या पायथ्याचे नाही.

गाळ काढतानाही हेच लक्षात ठेवायला हवं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे अनेक तलावांची साठवण वाढली आणि शेतांना सुपीक माती मिळाली. पण जेसीबी भिंतीच्या अगदी पायथ्याशी चालवला, तर पाणी रोखणारा थरच उकरला जातो.

सांडवा कशासाठी असतो?

धरण फुटण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून पाणी जाणं. काँक्रीटचं धरण हे काही काळ सोसू शकतं, मातीचं नाही. वरून वाहणारं पाणी मागचा उतार कापत जातं आणि भिंत खचते. ते टाळण्यासाठी बाजूला सांडवा असतो. त्याची पातळी भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली असते, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून निघून जातं.

लहान तलावांना बहुधा दरवाजे नसतात. त्यामुळे तलाव आहे म्हणून खालच्या गावात पूर येणार नाही, हा समज अर्धाच खरा. तलाव रिकामा असेल तर पहिला लोंढा तो पोटात घेतो. एकदा भरला की वरून येईल जवळपास तेवढं पाणी सांडव्यातून खाली जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी पावसाळ्याच्या शेवटी, तलाव आधीच भरलेले असताना आली, तर त्यांच्यात पूर अडवायला जागाच उरत नाही.

म्हणून सांडव्यात झुडपं वाढू देणं, त्याच्या वाटेत अतिक्रमण करणं किंवा ‘अजून फूटभर पाणी थांबेल’ म्हणून त्यावर मातीची पोती रचणं, हे थेट भिंतीशी खेळणं आहे.

कायदा कोणत्या धरणांना लागू आहे?

देशात धरण सुरक्षा कायदा २०२१ साली आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, धरण मालकाचं स्वतंत्र सुरक्षा पथक आणि आपत्कालीन कृती आराखडा या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणं काही अटी पूर्ण करत असतील तरच त्यात येतात, उदाहरणार्थ भिंत ५०० मीटर किंवा त्याहून लांब असणं, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असणं.

१० मीटरपर्यंतचे पाझर तलाव आणि गावतलाव या कायद्याच्या बाहेर राहतात. यातले कित्येक १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधले. आज त्यांची जबाबदारी कुठे जिल्हा परिषदेकडे, कुठे मृद व जलसंधारण विभागाकडे, तर मोठे प्रकल्प जलसंपदाकडे आहेत. आपल्या गावचा तलाव नेमका कोणाचा, हे पाऊस सुरू होण्याआधीच ग्रामपंचायतीत विचारून ठेवलेलं बरं. रात्री दोन वाजता ते शोधत बसायला वेळ नसतो.

गढूळ पाणी दिसलं तर?

भिंतीच्या मागच्या बाजूला नवी ओल, उकळल्यासारखं वर येणारं पाणी, माथ्यावर लांबट भेग किंवा एखादा भाग खचलेला दिसला, तर तलाठी किंवा तहसील कार्यालयाला आणि १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर लगेच कळवावं. व्हिडिओ काढला तर त्यात जागा आणि वेळ सांगावी. जुना व्हिडिओ पुन्हा फिरला की यंत्रणा भलतीकडेच धावते.

पाणी येणारं भोक माती टाकून बुजवू नये. अडलेलं पाणी शेजारून नवी वाट काढतं. इंजिनिअर अशा ठिकाणी आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाकतात. त्यामुळे पाणी बाहेर येतं, पण माती आतच राहते.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम नदीवरच्या, बांधकाम सुरू असलेल्या मातीच्या धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली. प्रशासनाने खालची १८ गावं रिकामी केली आणि पाणी काढून देण्यासाठी बाजूने चर खोदायला घेतला. तीन दिवसांनी त्या चरातून पाण्याचा लोंढा नदीत उतरला, शेतांचं नुकसान झालं, पण गावांत तेव्हा कोणी नव्हतं.