जुन्या वळणाचे तरुण पाक्षिक

ह्या सुवर्णमहोत्सवी अंकाची आखणी चालू असताना तरुण वाचकांसाठी काही पाने राखावीत, ती रंगीत असावीत आणि त्यांतील अक्षरे जरा नाचरी असावीत, अशी सूचना पुढे आली. सूचनेमागचा हेतू चांगलाच होता. मराठी वाचता येते पण वाचावेसे वाटत नाही, अशी आमची पुढची पिढी परमुलखात वाढत आहे. तिच्या हाती हा अंक उघडला जाईल की नुसताच कपाटात जाईल, ही चिंता आमच्यासारख्या प्रत्येक मंडळाला आहे. मात्र तरुणांना रंग आणि नखराच हवा असतो, हे गृहीत धरण्यापूर्वी एका संगीतविषयक नियतकालिकाची जन्मकथा पाहावी असे आम्हांस वाटले. ते म्हणजे अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को येथून १९६७ साली निघालेले ‘रोलिंग स्टोन’.

त्या काळी अमेरिकेत तरुणांसाठी संगीताची पत्रे नव्हती असे नाही. ‘सिक्स्टीन’सारखी मासिके गायकांचे कापलेले चेहरे भडक मुखपृष्ठावर दाटीवाटीने चिकटवीत आणि त्यांच्या आवडीनिवडीच्या गोष्टी किशोरींना पुरवीत. दुसऱ्या टोकाला खुद्द सान फ्रान्सिस्कोत ‘ओरॅकल’ निघत असे. छापयंत्रात निरनिराळ्या शाया शेजारी शेजारी सोडून त्याची पाने इंद्रधनुष्यासारखी रंगविली जात आणि मजकूर नक्षीच्या वळणाने वाहत जाई. पाहावयास ते अपूर्व होते, पण वाचावयास कष्टाचे. १९६६ साली पॉल विल्यम्स ह्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘क्रॉडॅडी’ काढून ह्या संगीतावर गंभीरपणे लिहिता येते हे दाखवून दिले होते. मात्र त्याचे आरंभीचे अंक चक्रमुद्रित होते.

अशा वेळी बर्कलेचे शिक्षण अर्धवट सोडलेला जॅन वेनर हा एकवीस वर्षांचा तरुण, आणि ‘क्रॉनिकल’ ह्या दैनिकाचा पन्नाशीतला संगीतसमीक्षक राल्फ ग्लीसन, असे दोघे एकत्र आले. ग्लीसनची हयात जाझ संगीतावर लिहिण्यात गेलेली. वडीलधाऱ्याने तरुणाच्या आवडीला हसू नये, तिची चिकित्सा करावी, हा त्याचा स्वभाव. ह्या पत्राचा कणा तोच होता, असे आमचे मत आहे. भांडवल साडेसात हजार डॉलरचे, तेही आप्तस्वकीयांकडून घेतलेले.

९ नोव्हेंबर १९६७ ह्या तारखेचा पहिला अंक आज पाहिला तर आश्चर्य वाटते. साधा वर्तमानपत्री कागद, चोवीस पाने, किंमत पंचवीस सेंट. पानांची मांडणी ‘संडे रॅम्पर्ट्स’ ह्या नुकत्याच बंद पडलेल्या राजकीय पत्राकडून उचललेली. वेनर तेथे काम करीत असे. सरळ उभे स्तंभ, त्यांना जाड-बारीक जोडरेघांच्या चौकटी आणि टाइम्स रोमन हे अक्षर, जे १९३२ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने आपल्या छपाईसाठी उपयोगात आणले होते. पत्राच्या नावाची अक्षरे तेवढी रिक ग्रिफिन ह्या भित्तिपत्रके काढणाऱ्या चित्रकाराची, वळणदार आणि खट्याळ. आणि तीही म्हणे त्याने कच्चा आराखडा म्हणून काढलेली. पक्के काम होण्याची वाट कोणी पाहिलीच नाही! एवढा एकच दागिना, बाकी सारा वेष साधा.

मुखपृष्ठावर जॉन लेनन होता, पण चित्रपटातील सैनिकाच्या वेषात. आत मायकेल लिडनचा लेख होता तो त्याच वर्षीच्या माँटेरे संगीत महोत्सवातील पैशांचे काय झाले, ह्याविषयी. ज्या महोत्सवाला तरुणांनी डोक्यावर घेतले, त्याचाच हिशेब पहिल्या अंकात मागितला गेला. आम्हांस ह्या पत्राच्या सजावटीचे मर्म येथे दिसते. मजकूर चौकशीचा होता, म्हणून रूपही वृत्तपत्राचे घेतले गेले. छायाचित्रकार बॅरन वूल्मन ह्याने मानधनाऐवजी आपल्या छायाचित्रांची मालकी स्वतःकडे ठेवली आणि कलावंतांना रंगमंचाप्रमाणेच त्यांच्या घरीदारीही टिपले. मुलाखती तर पानेच्या पाने चालत. लेननची प्रसिद्ध मुलाखत १९७१ साली दोन अंकांत विभागून द्यावी लागली. तरुण माणूस लांबलचक मजकूर वाचीत नाही, असे मानणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. (आरंभी वर्गणीदारांना गांजाची विडी धरण्याचा चिमटा भेट दिला जाई, हा भाग अर्थातच आम्हांस अनुकरणीय वाटत नाही.)

पहिल्या अंकाचे स्वागत मात्र थंडच झाले. चाळीस हजार प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील चौतीस हजार परत आल्या, असे सांगितले जाते. तरीही रूप बदलून पाहण्याची घाई कोणी केली नाही.

आपल्या देशात त्याच १९६७ साली कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे तरुणांचे साप्ताहिक सुरू केले. संपादक डेझमंड डॉइग स्वतः चित्रकार होते आणि पॉप संगीताला त्यांनी मोकळेपणाने जागा दिली. इंग्रजी शाळांतून शिकणाऱ्या शहरी मुलांना ते हक्काचे वाटे. १९७७ साली ते बंद पडले. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन’ने सान फ्रान्सिस्को सोडून न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलविले, दोन वर्षांपूर्वी, १९७५ साली, ग्लीसन वारला होता. पुढे कागद गुळगुळीत झाला, रंग आले, जाहिराती आल्या. ते पत्र आजही निघते. आमच्या तरुणांची पाने ह्या अंकात इतर पानांसारखीच काळ्या शाईत छापली आहेत. लेख मात्र त्यांचे त्यांनीच निवडले आहेत आणि त्यांतील एक मंडळाच्या कारभारावर आहे.