नवा व्हीआर गेम येतोय, पण तो तुमच्याकडे चालणार का? नांदेड-लातूरच्या गेमर्ससाठी प्रकार, हेडसेट आणि खर्चाचं गणित

ऑक्टोबर 2021. फेसबुकने आपलं नाव बदलून मेटा केलं, त्याच कार्यक्रमात मार्क झुकरबर्गने आणखी एक घोषणा केली. 'जीटीए: सॅन अँड्रियास' हा गेम व्हीआरमध्ये येणार. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आणि मित्राच्या पीसीवर चीट कोड मारून सॅन अँड्रियास खेळलेली अख्खी पिढी खूश झाली. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये मेटाने सांगितलं, की या गेमचं काम अनिश्चित काळासाठी थांबवलंय.

हे आठवायचं कारण म्हणजे रील्सवर सतत फिरणाऱ्या 'अपकमिंग व्हीआर गेम्स'च्या याद्या. ट्रेलर भारी असतात, म्युझिक भारी असतं. पण तो गेम नेमका कशावर चालणार, हे बऱ्याचदा सांगितलेलंच नसतं. बीजीएमआय आला तेव्हा बरा फोन असला की काम भागलं. व्हीआरमध्ये तसं होत नाही. इथे चुकीचं हेडसेट घेतलं तर ज्या गेमसाठी पैसे साठवले, तो गेमच चालत नाही. म्हणून आधी हेडसेट समजून घेऊ, मग गेमचे प्रकार आणि मग येणारे गेम.

हेडसेटचे चार प्रकार

पहिला प्रकार फोनवाला. डब्यात फोन ठेवायचा आणि डोळ्यांना लावायचा. गुगलने 2014 मध्ये पुठ्ठ्याचं 'कार्डबोर्ड' आणून हे लोकप्रिय केलं आणि 2021 मध्ये त्याची विक्री बंद केली. आपल्याकडे जिओने 2023 च्या आयपीएलच्या वेळी 1,299 रुपयांचं 'जिओडाइव्ह' आणलं, तेही याच जातीचं. यात मान वळवली की दृश्य वळतं, पण एक पाऊल पुढे टाकलं तर ते कळत नाही. हातही दिसत नाहीत. त्यामुळे 360 अंशांचे व्हिडिओ, रोलर कोस्टर आणि छोटे गेम एवढ्यापुरतं ते ठीक. आणखी एक, फोनमध्ये जायरोस्कोप नावाचा सेन्सर लागतो. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतो. डबा मागवण्याआधी फोनची माहिती तपासा.

दुसरा प्रकार स्वतंत्र हेडसेटचा. यात प्रोसेसर, बॅटरी, स्क्रीन सगळं आतच असतं. फोन नको, कॉम्प्युटर नको. मेटा क्वेस्ट 3 (2023) आणि क्वेस्ट 3एस (2024) ही याची ओळखीची नावं. लाँचच्या वेळी क्वेस्ट 3 ची अमेरिकेतली किंमत 499 डॉलर होती आणि 3एसची 299 डॉलर. मात्र तेव्हा अधिकृत विक्रीच्या देशांत भारत नव्हता. त्यामुळे इथे जे हेडसेट मिळत आले ते बहुतेक बाहेरून आणलेले, मूळ किमतीपेक्षा महाग. अमेरिकेतून येणाऱ्या दादाला सांगून मागवणार असाल, किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून घेणार असाल, तर बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार हा पहिला प्रश्न विचारा.

तिसरा प्रकार कन्सोलचा. प्लेस्टेशन व्हीआर 2 फेब्रुवारी 2023 मध्ये जगात आला, भारतात नंतर आला. इथली किंमत सुरुवातीला पन्नास हजारांच्या वर होती. त्यात तो मुख्यतः प्लेस्टेशन 5 ला जोडून वापरायचा. म्हणजे कन्सोलचा खर्च वेगळा.

चौथा प्रकार पीसीचा. तगडं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं हेडसेट. क्वेस्टसुद्धा केबलने किंवा वायफायने पीसीला जोडता येतो. व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये 'स्टीम फ्रेम' नावाचं नवं हेडसेट जाहीर केलं आणि 2026 हे वर्ष दिलं. ते पीसीवरून गेम घेऊ शकतं आणि काही गेम स्वतःही चालवू शकतं. पण याच कंपनीचा स्टीम डेक 2022 मध्ये आला तेव्हा भारतात अधिकृत विक्री नव्हती, हे लक्षात ठेवून वाट बघा.

गेमचे प्रकार किती आणि कुणासाठी कोणता?

व्हीआर म्हणजे बंदूक आणि झोंबी एवढंच, असा एक समज आहे. प्रत्यक्षात प्रकार भरपूर आहेत.

ताल आणि व्यायाम: सगळ्यात ओळखीचं नाव 'बीट सेबर'. गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे दोन तलवारींनी कापायचे. भाषा लागत नाही, नियम एका मिनिटात कळतात आणि अर्ध्या तासात घाम निघतो. व्हीआर पहिल्यांदाच लावणाऱ्यासाठी हा प्रकार सगळ्यात सोपा, कारण खेळाडू जागेवरच उभा असतो.

मैदानी आणि बैठे खेळ: इथे आपल्या शेजारचं एक नाव आहे. 'आयबी क्रिकेट' हा व्हीआर क्रिकेट गेम हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीने बनवलाय. नांदेड-लातूरहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे हा जवळपास घरचाच गेम म्हणायचा. बोलिंग गेम टाकतो, बॅटिंग तुम्ही करायची. याशिवाय 'इलेव्हन टेबल टेनिस' आणि 'वॉकअबाउट मिनी गोल्फ' हे गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

शूटर: मार्च 2020 मध्ये आलेला 'हाफ-लाइफ: एलिक्स' आजही या प्रकाराचा मापदंड मानला जातो. बंदुकीत गोळ्या भरण्यासाठी खरंच हात पाठीमागे नेऊन मॅगझिन काढावं लागतं. हा पीसीचा गेम आहे. बीजीएमआय किंवा बॅटलफिल्डची सवय असलेल्यांनी 'फोरफ्रंट' बघावा. 32 खेळाडूंची ही लढाई नोव्हेंबर 2025 मध्ये सुरुवातीच्या स्वरूपात खुली झाली.

भीती: जत्रेतला भूतबंगला आठवा. तिथे डोळे मिटून पळता येतं, इथे हेडसेट काढावं लागतं. 'रेसिडेंट एव्हिल 4' ची व्हीआर आवृत्ती खूप गाजली. भित्र्या माणसाने या प्रकाराने सुरुवात करू नये.

लपूनछपून: समोरासमोर न भिडता, अंधारातून सरकत काम करायचं. 'बॅटमॅन: अर्खम शॅडो' (ऑक्टोबर 2024) मध्ये छतावरून झेप घेणं आणि मारामारी दोन्ही आहे. 'थीफ व्हीआर: लेगसी ऑफ शॅडो' डिसेंबर 2025 मध्ये आला. त्यात तुम्ही चोर असता आणि कुलपं स्वतःच्या हाताने उघडता.

सिम्युलेटर: विमान, रेसिंग कार. खुर्चीत बसून खेळायचे असल्यामुळे जागा कमी लागते. पण चांगला अनुभव हवा तर स्टिअरिंग किंवा जॉयस्टिकचा खर्च वाढतो.

कोडी आणि गोष्ट: 'आय एक्स्पेक्ट यू टू डाय' मालिकेत तुम्ही गुप्तहेर असता आणि खुर्चीत बसून सापळ्यातून सुटायचं असतं. 'द रूम व्हीआर' मध्ये गूढ पेट्या आणि यंत्रं उलगडायची. घाई नसलेल्यांचा प्रकार. संवाद मात्र बहुतेक इंग्रजीत असतात.

गप्पांचे गेम: 'गोरिला टॅग' म्हणजे माकडांची पकडापकडी. पाय नाहीतच, हात जमिनीवर मारून पळायचं. लहान मुलांत तुफान लोकप्रिय. पण समोर अनोळखी लोकांचा आवाज असतो, त्यामुळे पालकांनी सेटिंग स्वतः बघावीत.

मिश्र वास्तव: यात हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून तुमचीच खोली दिसते आणि गेम तिच्यात घुसतो. क्वेस्ट 3 सोबत आलेल्या 'फर्स्ट एन्काउंटर्स' मध्ये तुमच्याच घरच्या भिंती फुटतात आणि पलीकडून गोलमटोल प्राणी उड्या मारत येतात.

2026 साठी काय जाहीर झालंय?

'लिटल नाइटमेअर्स व्हीआर: अल्टर्ड इकोज': अवाढव्य, भयाण जगात तुम्ही इवलेसे. भीती आणि कोडी यांचं मिश्रण.

'द बॉइज: ट्रिगर वॉर्निंग': गाजलेल्या वेब सिरीजवरचा लपूनछपून चालणारा ॲक्शन गेम. क्वेस्ट आणि प्लेस्टेशन व्हीआर 2 दोन्हींसाठी जाहीर. सिरीजसारखाच हाही मोठ्यांसाठी.

'एसेस ऑफ थंडर': जुन्या युद्धकाळातली लढाऊ विमानं, कॉकपिटमध्ये बसून. 'वॉर थंडर' बनवणाऱ्या गायजिनचा.

'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024': हा पीसीवर व्हीआरमध्ये चालतोच. डिसेंबर 2025 मध्ये तो प्लेस्टेशन 5 वर आला आणि तिथल्या व्हीआर 2 साठीची सोय 2026 मध्ये देऊ असं जाहीर झालं. यात अख्खी पृथ्वी असल्यामुळे गोदावरीच्या काठाने नांदेडवरून उडण्याची हौसही भागते.

जाहीर झालं म्हणजे आलं असं नाही

सॅन अँड्रियासचा किस्सा एकटा नाही. 'मार्व्हल्स डेडपूल व्हीआर' नोव्हेंबर 2025 मध्ये फक्त क्वेस्ट 3 आणि 3एससाठी आला. जानेवारी 2026 मध्ये मेटाने तो बनवणारा ट्विस्टेड पिक्सेल स्टुडिओ बंद केला. सोबत सान्झारू आणि आर्मेचर हे स्टुडिओही बंद झाले. 'रेसिडेंट एव्हिल 4' ची क्वेस्ट आवृत्ती याच आर्मेचरने बनवली होती.

आलेला गेमही कायम राहील याची खात्री नसते. 'इको व्हीआर' हा ऑनलाइन गेम 1 ऑगस्ट 2023 ला बंद झाला. 'बीट सेबर' ने 2025 मध्ये प्लेस्टेशनसाठी नवी गाणी देणं थांबवलं. म्हणून एकाच येणाऱ्या गेमवर भरवसा ठेवून हेडसेट घेऊ नका. आज उपलब्ध असलेले, तुम्हाला आवडतील असे चार-पाच गेम त्या हेडसेटवर असतील, तरच पैसे टाका.

आपल्याकडच्या खऱ्या अडचणी

जागा: उभं राहून, फिरून खेळायचं तर साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. लातूरला नीटच्या तयारीसाठी राहणाऱ्या पोरांच्या खोलीत दोन कॉट आणि एक टेबल गेल्यावर तेवढी जागा उरत नाही. मग सिम्युलेटर, कोडी असे बसून खेळायचे प्रकार बघा.

पंखा: ट्रेलरमध्ये हा कधी दिसत नाही. आपल्याकडे छत बुटकं असेल आणि पंखा चालू असेल, तर हात वर करून खेळायचे गेम धोक्याचे. पंख्याखाली उभं राहू नका.

डेटा: मोठे गेम वीस-तीस जीबीचे असतात. रोज दोन जीबीच्या रिचार्जवर तीस जीबीचा गेम उतरवायला पंधरा दिवस जातील, तेही रील्स न बघता. घरी वायफाय नसेल तर हा खर्च आधी धरा.

वीज: इथे मात्र स्वतंत्र हेडसेटचा फायदा आहे. क्वेस्ट 3 ची बॅटरी दोन तासांच्या आसपास चालते, त्यामुळे लाइट गेली तरी एकट्याने खेळायचा गेम अर्ध्यात तुटत नाही. पीसी आणि कन्सोलवाल्यांना इन्व्हर्टर लागेल.

मळमळ: घाटातल्या एसटीत काहींना उलटी होते, त्याचंच हे भावंड. डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण उभे आहोत. मेंदू गोंधळतो. त्यामुळे सुरुवात जागेवर उभं राहून खेळायच्या गेमने करा, पंधरा मिनिटांवर थांबा, त्रास झाला तर रेटू नका. विमान आणि वेगाने पळणारे शूटर नंतर.

वय: मेटाने पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासाठी किमान वय 10 ठेवलंय. प्लेस्टेशन व्हीआर 2 बारा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही.

ऑनलाइन गेमिंगवर बंदी आलीय ना?

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला, त्यानंतर बऱ्याच जणांचा गोंधळ उडाला. त्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. गेम विकत घेऊन खेळणं हा वेगळा विषय. तुमचा व्हीआर क्रिकेट गेम त्या बंदीत येत नाही. त्यात कुणी पैसे लावायला सांगत असेल, तर मात्र लांब राहा.

खेळण्याऐवजी बनवायचे असतील तर?

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग आणि व्हीआर-एआरसाठी 3,268 कोटींचं धोरण मंजूर केलं. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बनवणारा नॉडिंग हेड्स आणि 'इंडस' बनवणारी सुपरगेमिंग या दोन्ही पुण्याच्या कंपन्या. त्यांचे हे गेम व्हीआरचे नसले तरी मोठे गेम महाराष्ट्रात बनतात हे त्यांनी दाखवलंय.

शिकायला सुरुवात करण्यासाठी हेडसेट लागत नाही. ब्लेंडर आणि गोडो पूर्ण मोफत आहेत, युनिटीची वैयक्तिक आवृत्तीही मोफत मिळते. मेटाचा सिम्युलेटर वापरून हेडसेट नसतानाही कॉम्प्युटरवर गेम तपासता येतो. नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंगमधल्या किंवा लातूरच्या पॉलिटेक्निकमधल्या कुणाला फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधायचा असेल, तर कंधारचा किल्ला आणि खरोसा लेणी तासाभराच्या अंतरावर आहेत. फोनने फोटो काढून त्यांचं थ्रीडी मॉडेल बनवणं ही चांगली सुरुवात ठरेल. मात्र या संरक्षित जागा आहेत. ड्रोन किंवा ट्रायपॉड नेण्याआधी परवानगी घ्या.

मग आत्ता करायचं काय?

बजेट दीड हजार असेल तर जायरोस्कोप तपासून फोनवालं हेडसेट घ्या, 360 व्हिडिओ बघा, मळमळ होते का ते कळेल. प्लेस्टेशन 5 आधीच घरात असेल तर व्हीआर 2 चा विचार करा. गेमिंग पीसी असेल तर स्टीम फ्रेमची भारतातली विक्री आणि किंमत कळेपर्यंत थांबायला हरकत नाही. काहीच नसेल आणि तीस-चाळीस हजार टाकायची तयारी असेल, तर वॉरंटीची खात्री करून स्वतंत्र हेडसेट बघा. आणि काहीही घेण्याआधी पुणे, मुंबई किंवा हैदराबादला गेलात की एखाद्या मॉलच्या गेमिंग झोनमध्ये दहा मिनिटं हेडसेट लावून बघा. दोन-चारशे रुपये जातील, पण तीस हजार टाकायचे की नाही ते तिथेच ठरेल.